पॉइंट भाड्याने देणे आहेत

१५ सप्टेंबर, सोमवार

आज क्लबाचं पत्र आलं. पंधरा वर्षांचा करार येत्या ३१ डिसेंबरला संपतोय आणि खात्यावर साठलेले सगळे पॉइंट त्या दिवशी बाद होणार आहेत. "आपल्या आनंदी क्षणांचे साक्षीदार होता आलं याचा आम्हाला अभिमान वाटतो," असंही खाली छापलंय. कसले क्षण आणि कसले साक्षीदार! पंधरा वर्षांत आम्ही त्यांच्या एकाही खोलीत पाऊल टाकलेलं नाही.

एकदाच काय ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी ही वही वाचली तर मला अगदीच खुळा समजायला नको. पंधरा वर्षांपूर्वी एका हॉटेलात फुकट जेवण होतं. जेवण झाल्यावर एका टायवाल्यानं आम्हाला दोन तास धरून ठेवलं. क्लबाचं सभासद व्हायचं, दर वर्षी खात्यात पॉइंट जमा होतात, ते खर्चून क्लबाच्या कुठल्याही सुट्टीघरात राहायचं. सगळ्यात जास्त पॉइंट लागतात ते मोठ्या थीम पार्कच्या फाटकाला लागून असलेल्या घराला. त्याचं चित्र बघून हिचे डोळे चमकले आणि मी सही केली. मी, चौतीस वर्षं सरकारी लिफ्ट निरीक्षक! दोराची जाडी मोजल्याशिवाय एका लिफ्टला परवाना दिला नाही, आणि तिथे मात्र शेवटचं पान न वाचता सही ठोकून मोकळा झालो.

मग पहिल्या वर्षी लेकीची परीक्षा आली. दुसऱ्या वर्षी आईचा पाय मोडला. एकदा तर बॅगा भरून दारात ठेवल्या होत्या, तेवढ्यात इस्पितळातली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि मी तिकडे गेलो. मग लेकीचं लग्न, मग गळकं छप्पर, मग माझी निवृत्ती. दर वर्षी मी हिला सांगत आलो की पुढच्या वर्षी नक्की.

संध्याकाळी लेकीचा फोन. "काय पॉइंटवाले बाबा, किती साठले?" मागून जावई हसल्याचं स्पष्ट ऐकू आलं. त्याच क्षणी ठरवलं, हे पॉइंट भाड्याने द्यायचे. सुट्टीच्या ऐन गर्दीत द्यायचे आणि या दोघांच्या नाकावर टिच्चून भाडं घ्यायचं.

हिला सांगितलं. ही पुढच्या खोलीत खिडकीशी शिवणयंत्रावर कुणाची तरी पँट कमरेत घट्ट करत होती. कपड्यांच्या दुरुस्तीची कामं ही घरी घेते, त्यामुळे आमच्या कोचावर आमच्यापेक्षा इतरांचे कपडेच जास्त बसलेले असतात. म्हणाली, "किंवा आपण जाऊ की."

"कधी? वर्षअखेरीला? शाळांच्या सुट्टीत? मुंगी शिरायला जागा नसते तिथे. वेड लागलंय का तुला?"

यंत्र पुन्हा सुरू झालं. म्हणजे तिला पटलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

क्लबाला फोन केला. गोड आवाजाच्या मुलीनं सगळं समजावलं. खोली सभासदानंच आपल्या नावावर घ्यायची. मग राहायला दुसरं कुणी जाणार असेल तर त्याचं नाव नि ओळखपत्र कळवायचं, की क्लब त्या माणसाच्या नावानं पाहुणापत्र काढतो. नावं ५ डिसेंबरपर्यंत कळवली नाहीत तर पाहुणापत्र नाही. नियम स्वच्छ आहे. मला आवडला.

जाहिरातीचा मसुदा केला: "एक शयनगृह, क्षमता कमाल चार व्यक्ती, मजला तिसरा, स्थिती तपासलेली नाही, सबब हमी नाही."

ही वाचून म्हणाली, "अहो, ही जाहिरात आहे की नोटीस? तळ्याकडची बाल्कनी आहे ते लिहा. संध्याकाळी बाल्कनीतून दिव्यांची मिरवणूक दिसते ते लिहा."

"तुला कसं माहीत?"

"माहितीपत्रकात आहे."

पंधरा वर्षांपूर्वीचं ते माहितीपत्रक हिच्या यंत्राच्या खणात निघालं. घड्यांवर पार विरलंय. कापड बेतायला कागद लागतो हिला, त्यासाठी ठेवलं असावं.

२० सप्टेंबर, शनिवार

सकाळी नऊला नोंदणी उघडणार होती. मी साडेआठलाच संगणकापुढे. ही चहा घेऊन आली आणि माझ्या खांद्यामागे उभी राहिली. म्हटलं, तुझी कामं नाहीत का? म्हणे, आहेत.

नऊ वाजून चार मिनिटांनी २१ ते २६ डिसेंबर, पाच रात्री, तळ्याकडची खोली आमच्या खात्यावर. ही "मिळालं!" असं एवढ्यानं ओरडली की शेजारच्या दंतवैद्यबाईंनी भिंतीवर टकटक केली. नवऱ्याचा व्यवहार मार्गी लागल्याचा बायकोला इतका आनंद व्हावा, हे भाग्यच म्हणायचं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

जाहिरात टाकल्याला दोन दिवस झाले. एकाला एका शयनगृहात अकरा माणसं घालायची आहेत. "आम्ही जमिनीवर झोपू," म्हणतो. त्याला क्षमतेचा अर्थ समजावण्यात अर्धा तास गेला. एकीनं विचारलं कुत्रा चालेल का. तिसरा म्हणाला, निम्म्या किमतीत द्या, नाहीतरी फुकटच जाणार आहेत तुमचे. याला कसं कळलं कुणास ठाऊक. फोन आपटला.

ही म्हणाली, "थांबा, कुणीतरी बरं माणूस येईल."

२७ सप्टेंबर, शनिवार

आलं! एका बाईंचा फोनवर लेखी निरोप: "आम्ही दोघंच. वय झालेलं. शांत माणसं आहोत. तुमची किंमत मान्य, निम्मी रक्कम आगाऊ देऊ. एकच अट. काहीही झालं तरी तुम्ही ऐन वेळी रद्द करणार नाही, असं सही करून लिहून द्या. आमचा बेत आजवर फार वेळा मोडला आहे."

वाचून मला रागच आला. चौतीस वर्षांत दिलेली तारीख मी कधी चुकवली नाही. अंगात ताप घेऊन लोकांच्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरलोय. मला लिहून मागते! हिला म्हटलं, बघ कशी माणसं असतात.

"बिचारीचे बेत मोडले असतील हो," ही सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली. "द्या ना लिहून. तुमचं काय जातंय?"

दिलं. चांगल्या कागदावर, तारीख घालून, दोन ओळी खोडून पुन्हा सुवाच्य लिहून. "सदर खोली कोणत्याही कौटुंबिक, शारीरिक अथवा अन्य कारणास्तव रद्द केली जाणार नाही." फोटो काढून पाठवला. बाईंचं उत्तर आलं, "आता जिवात जीव आला."

१ ऑक्टोबर, बुधवार

भाडेकरीणबाईंनी (मी त्यांना मनात असंच म्हणतो) निम्मी रक्कम बँकेत माझ्या खात्यावर रोख भरली. निरोप साडेअकराला आला. ही नेमकी तेव्हा घरात नव्हती, नाहीतर तिलाच पहिल्यांदा सांगितलं असतं. दोरा आणायला गेली होती. बाराला आली. दोरा विसरली म्हणे. वय होत चाललंय हिचं.

लेकीला फोन करून सांगितलं. "म्हणजे खरंच कुणी पैसे दिले?" असं तिनं तीनदा विचारलं. जावई मागून हसला नाही. आज मन भरलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

बाई फोनवर बोलत नाहीत, संकोच वाटतो म्हणे. जे काय ते लेखी. मला ते पसंत आहे. आजचा निरोप असा: "एक विचारायचं होतं. आमचे हे प्रत्येक गोष्टीत खोड काढतात. पाळण्यात बसायच्या आधी त्याचे खिळे मोजतील. रांग बघून परत फिरतील. अशा माणसाला तिथे करमेल का?"

मी मोकळेपणानं लिहिलं, "बाई, स्पष्ट बोलतो, माफ करा. असा माणूस बरोबर नेऊन सुट्टीचं वाटोळं करून घेऊ नका. त्यांना घरी ठेवा आणि एखादी मैत्रीण घेऊन जा."

उत्तर यायला वेळ लागला. आलं ते एवढंच: "त्यांच्याबरोबरच जायचंय."

हिला वाचून दाखवलं. म्हटलं, अशा माणसाबरोबर या बाईनं संसार कसा केला असेल?

"सवय होते," ही म्हणाली, आणि कपाटात तोंड खुपसून काहीतरी शोधत राहिली. खांदे हलत होते. धुळीनं शिंका येत असाव्यात.

१५ ऑक्टोबर, बुधवार

मला त्या बाईची काळजी वाटायला लागली आहे. एवढ्या गर्दीत दोन म्हातारी माणसं काय करणार? म्हणून पार्कचा नकाशा मागवला आणि मोठा करून जेवणाच्या टेबलावर अंथरला. सकाळी फाटक उघडताच सगळे उजवीकडे धावतात, असं लोकांनी लिहिलंय. म्हणजे यांनी डावीकडे जायचं. मोठ्या आकाशपाळण्याला दुपारी जेवणाच्या वेळी रांग कमी. पाण्यातल्या होड्या सकाळी. दर तासाला बसायची जागा हवी.

चालायचा वेग किती धरायचा हे अडलं. बाई साधारण हिच्याच वयाच्या. म्हणून हिला मैदानावर नेलं, घड्याळ लावलं आणि चालायला सांगितलं. एका फेरीला सात मिनिटं. मी म्हटलं, गर्दीत हे दुप्पट धरू. ही म्हणाली, "एक दिवसावरून काय कळणार? रोज मोजायला हवं."

मुद्दा बरोबर होता. रोज संध्याकाळी जायचं ठरवलं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

फेरीला सहा मिनिटं. आता आम्ही चार फेऱ्या मारतो. हिला इतकं बोलता येतं हे मी विसरलोच होतो. गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगते. एक गृहस्थ दर सहा महिन्यांनी तीच विजार घेऊन येतात, एकदा सैल करायला आणि एकदा घट्ट करायला. दंतवैद्यबाईंच्या सगळ्या झग्यांचा उजवा खिसा फाटलेला असतो. मी हसलो तर म्हणाली, "हे मी तुम्हाला तीनदा सांगितलंय याआधी." मला आठवत नाही.

त्या भाडेकरणीच्या निमित्तानं आमचं फिरणं होतंय, तिचे उपकारच म्हणायचे.

९ नोव्हेंबर, रविवार

आज वाईट दिवस. लेकीचा सकाळी फोन. आवाजात साखर घोळलेली. "बाबा, ऐका ना. ह्यांना अचानक रजा मिळाली. मुलांनाही सुट्टी आहे. ती खोली आम्हालाच द्या ना. नातवंडं नाचतील हो. त्या बाईला पैसे परत करून टाका. ती कोण लागते आपली?"

ही समोर कात्री हातात घेऊन उभी होती. फोनचा आवाज मोठा, सगळं ऐकू येत होतं. हिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मला वाटलं ही आता खूण करणार, द्या म्हणून, नातवंडांसाठी. आज्जीचा जीव तो. पण खूण नाही की काही नाही. नुसती बघत राहिली माझ्याकडे.

मी म्हणालो, "बाळा, नाही जमायचं. मी लिहून दिलंय."

"पण बाबा, परकी माणसं ती!"

"परकी आहेत म्हणूनच. त्यांनी माझ्या शब्दावर विसंबून बेत केलाय. तुमची सोय दुसऱ्या खोलीत बघतो, पण ही त्यांची आहे."

लेक रुसली. फोन ठेवल्यावर मी इथेच बसलो. मनात आलं ते हिला बोलूनही दाखवलं, "खरं सांगू? आपण दोघं जाणार असतो ना, तर फोनवरच देऊन टाकली असती तिला. दुसरा विचार केला नसता."

"ठाऊक आहे मला," ही म्हणाली.

आणि मग एकदम येऊन तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहान मुलाच्या ठेवावा तसा. डोळ्यांत पाणी होतं. लेकीला नाही म्हणालो म्हणून बहुतेक. पण मग दिवसभर यंत्रावर गुणगुणत कशी होती? बायकांचं मला आजवर कळलेलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

भाडेकरीणबाई नावं कळवत नाहीत! तीन निरोप पाठवले. "कळवते, घाई काय," असं उत्तर. घाई काय म्हणजे? पाच तारीख आली तोंडावर.

धाकटी मेहुणी आली होती. दोघी बहिणी आत कुजबुजत होत्या. मी गेलो की गप्प. मेहुणी जाताना म्हणाली, "भाऊजी, तुमचा स्वभाव मला फार आवडतो," आणि जिना उतरेपर्यंत हसत होती. तिची प्रकृती एकदा दाखवून घ्यायला हवी.

ही हल्ली एक निळा झगा शिवते आहे, दोन मोठे खिसे असलेला. म्हटलं, कुणाचा गं? माप तर तुझंच दिसतंय.

"गिऱ्हाईक माझ्याच अंगाचं आहे," म्हणाली.

४ डिसेंबर, गुरुवार

अजून नावं नाहीत. बाईंना खडसावून लिहिलं, "उद्या दुपारी बारापर्यंत नावं नि ओळखपत्रं न आल्यास पाहुणापत्र मिळणार नाही व त्यास मी जबाबदार राहणार नाही." हिला म्हटलं, या बाईच्या मनात काय आहे काही समजत नाही. भीती वाटते की आता तीच माघार घेईल. इतका जीव ओतला मी त्या नकाशावर!

ही म्हणाली, "तिलाही भीती वाटत असेल."

"तिला कशाची?"

"नावं कळली की तुम्ही माघार घ्याल याची."

मी? अशानं कधी कुणी माघार घेतं का?

५ डिसेंबर, शुक्रवार

जे झालं ते क्रमानं लिहितो, नाहीतर नीट लिहून होणार नाही.

पावणेबाराला निरोप आला. खाली दोन ओळखपत्रांचे फोटो. पहिलं उघडलं. हिचा फोटो. मला वाटलं चुकून आपलीच फाइल उघडली. बंद केलं, पुन्हा उघडलं. पुन्हा ही. दुसरं उघडलं. टक्कल, चष्मा, कपाळावर आठ्या. या गृहस्थांना मी चांगलाच ओळखतो.

मी उठून ओरडलो, "अगं, पोलिसांना फोन लाव! त्या बाईनं आपली ओळखपत्रं चोरली!"

यंत्र थांबलं. ही म्हणाली, "नका लावू. ती बाई मीच आहे. धाकटीच्या जुन्या फोनवरून लिहीत होते."

मी मटकन बसलो तो कुणाच्या तरी घडी केलेल्या शर्टांवर. हिनं मला उठवलं, शर्ट काढून घेतले, आणि पुन्हा बसवलं.

"पैसे?"

"माझे. शिवणाचे."

"मला फसवलंस!"

"हो," म्हणाली. नुसतं हो.

"अगं, पण सरळ सांगायचं होतंस! भाडं कसलं देतेस? सरळ म्हणायचं, जाऊ या!"

तेव्हा ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाली, "पंधरा वर्षं सांगत होते की. सप्टेंबरातही सांगितलं. तुम्ही वेड लागलंय का म्हणालात. अहो, तुम्ही घरच्या माणसाला दिलेला शब्द सहज पुढे ढकलता, आपलीच माणसं म्हणून. पण बाहेरच्या माणसाला दिलेला शब्द तुम्ही आजवर एकदाही मोडला नाहीत. मी चौतीस वर्षं बघितलंय. कुणाचीही लिफ्ट असो, तुम्ही गेलात. म्हटलं, आपणच परकं होऊन बघावं."

मी उठलो, खिडकी उघडली. उगाच. मग बंद केली.

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. लाज वाटली. एवढी लाज मला माझ्या आयुष्यात वाटली नव्हती. त्या अनोळखी बाईची गर्दीत आबाळ होऊ नये म्हणून मी नकाशे अंथरले, घड्याळ लावून पावलं मोजली, लेकीला दुखवलं. हिच्यासाठी काय केलं? पुढच्या वर्षी नक्की, एवढं म्हणालो, पंधरा वेळा.

"आणि त्या दिवशी लेकीला मी हो म्हटलं असतं तर?"

"तर कुणालाच काही कळलं नसतं," ती म्हणाली. "पैसे परत घेतले असते आणि गप्प बसले असते. नेहमीसारखी."

मी तिचा हात धरला. अंगठ्याला सुया टोचून टोचून घट्टे पडले आहेत. हे मी कधी पाहिलेलं नव्हतं. मग तीच म्हणाली, "बारा वाजायला चार मिनिटं आहेत. नावं कळवताय ना?"

६ डिसेंबर, शनिवार

गोड आवाजाच्या मुलीचा फोन. "सर, पाहुणापत्र तुमच्याच नावानं कसं काढू? तुम्ही सभासद आहात. तुम्ही नुसतं यायचंय."

नुसतं यायचंय! पंधरा वर्षं हे इतकंच होतं.

हिला तिची आगाऊ रक्कम परत द्यायला गेलो. घेईना. "परत घेतली की मी पुन्हा घरची झाले. मग तुम्ही मोकळे." उलट उरलेली निम्मी रक्कम तिनं मोजून टेबलावर ठेवली. मी निमूटपणे पावती फाडली. सही नीट वाचता येत नाही म्हणून तिनं ती परत लिहून घेतली.

लेकीशी ही स्वतः बोलली. काय बोलली ते ऐकलं नाही. मग फोन माझ्याकडे आला. लेक रडत होती की हसत होती ते कळेना. "बाबा," ती म्हणाली, "आता जर तुम्ही हे रद्द केलंत ना, तर मी तुमच्याशी आयुष्यात बोलणार नाही." जावयाची रजा आहेच, पण नातवंडांना तिनं दुसरीकडे न्यायचं ठरवलंय. जावयानं फोन घेऊन "शुभेच्छा, सासरेबुवा" म्हटलं. अगदी सरळ आवाजात.

२१ डिसेंबर, रविवार

पोचलो. खोली तिसऱ्या मजल्यावर. मुंगी शिरायला जागा नसते म्हणालो होतो, ते अगदी खरं निघालं. स्वागतकक्षात चाळीस मिनिटं उभे होतो, आणि माझ्या पायावर तीन वेगवेगळ्या मुलांनी बॅगा ओढल्या. ही मात्र आजूबाजूला बघत होती, जणू हे सगळे लोक तिच्याकडेच पाहुणे आलेत.

खोलीत शिरल्याबरोबर ती थेट बाल्कनीत गेली. मी बिजागऱ्या, कड्या नि नळ बघत होतो. दहा मिनिटांनी बाहेर जाऊन पाहिलं तर कठड्याला धरून उभी, तळ्याकडे बघत. म्हटलं, कसं आहे?

"चित्रात होतं त्यापेक्षा लहान आहे," म्हणाली. आणि इतकं गोड हसली की राहिलेल्या कड्या मी तपासल्याच नाहीत.

२२ डिसेंबर, सोमवार

माझा बेत सकाळी साडेदहालाच कोलमडला. फाटक उघडल्यावर सगळे डावीकडेच धावले. बहुतेक सगळ्यांनी तेच वाचलं असावं. होड्यांना एक तास पन्नास मिनिटं रांग. मी परत फिरणार होतो. तेवढ्यात भाडेकरणीला तिच्या नवऱ्याबद्दल मी काय सल्ला दिला होता ते आठवलं आणि गप्प उभा राहिलो. रांगेत हिनं पुढच्या बाईच्या मुलीचा उसवलेला बंद शिवून दिला. सुई-दोरा झग्याच्या खिशात होता. आमची ओळख पुढच्या-मागच्या दहा कुटुंबांशी झाली.

होडी वरून खाली सुटली तेव्हा ही ओरडली. मी तिला संसारात अनेकदा ओरडताना ऐकलंय, दुधावर, मांजरावर, माझ्यावर. हे तसलं नव्हतं. भिजून चिंब झालो. ती म्हणाली, "पुन्हा." पुन्हा दोन तास उभे राहिलो. माझे गुडघे बोलायला लागलेत, पण मला काही म्हणायचं नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार

आज आकाशपाळणा झाला, खिळे न मोजता. म्हणजे थोडे मोजले, पण मनात. वर गेल्यावर ती घाबरली आणि मीही. कबूल करायला हरकत नाही. तिनं विचारलं, "वेळ वाया गेला असं वाटतं का हो?" मी म्हणालो, "इथला नाही. आधीचा."

तळ्याकाठी आत्ता दिव्यांची मिरवणूक निघणार आहे. बाल्कनीतून दिसते, पण हिला ती जवळून बघायची आहे, लोकांच्या गर्दीत उभं राहून. ही कधीची तयार होऊन दारात उभी आहे, निळा झगा, पायात बूट. मी हे लिहितोय.

"चलायचं ना?"

"हो, हो. पाचच मिनिटं," मी म्हणालो. मान वर न करता.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला म्हणून पाहिलं. तक्रार नाही, चेहरा पडलेला नाही. नुसती बसली आहे आणि बुटाची नाडी सोडायला वाकली आहे. निघालो.